ग्रेपफ्रूट आमच्याकडे मिळत नाही

रविवार, ३ ऑगस्ट २०२५, कारापूर

दोन वर्षांनी ही वही उघडते आहे. मधल्या काळात लिहिण्यासारखे इतके घडले की लिहायला वेळच झाला नाही. थोडक्यात सांगायचे तर खाणीवर अठ्ठावीस वर्षे यंत्रे दुरुस्त करता करता पपांची फुप्फुसे आखडत गेली. गेल्या जुलैत चेन्नईला त्यांना कुणा अनोळखी माणसाची फुप्फुसे बसवली. आई आणि ते तिथे इस्पितळाजवळच्या एका खोलीत दहा महिने राहिले आणि यंदा मे महिन्यात घरी आले. मीही पुण्याची नोकरी सोडून इथे गोव्यात आले, आणि दम्याच्या एका अभ्यासात संशोधन साहाय्यक म्हणून लागले.

माझे काम कुणी विचारले की मी असे सांगते. काही पेशी फुप्फुसातच राखणीला बसलेल्या असतात. रक्तातून फिरत नाहीत, तिथेच ठाण मांडतात आणि एकदा पाहिलेला शत्रू विसरत नाहीत. दमेकऱ्याच्या छातीत त्या साध्या धुळीलाच शत्रू समजून बसतात. फुप्फुस बदललेल्या माणसाच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्याच पेशी नव्या फुप्फुसात शिरतात, ठाण मांडतात आणि ते परके ठरवून पोखरू लागतात. पेडणे आणि डिचोलीतून मी दम्याचे नमुने गोळा करते, चेन्नईची प्रयोगशाळा बदललेल्या फुप्फुसांचे. दोन्हीकडे याच पेशी मोजायच्या. श्वास बिघडण्याच्या आधीच त्या वाढतात का, एवढा एकच प्रश्न आहे.

मुलाखतीत मी अभ्यासाच्या प्रमुख कमलाक्षी मॅडमना सांगितले की वडिलांचा आणि या अर्जाचा काही संबंध नाही. त्या नुसत्या हसल्या.

पपांचा दिवस सकाळच्या आठला आणि संध्याकाळच्या आठला बांधलेला आहे. त्या दोन वेळांना टॅक्रोची गोळी. त्या गोळीनेच राखणदार पेशी गप्प राहतात. मग हातातल्या यंत्रात फुंकायचे. आकडा २.४० लिटर. तो दोन दिवस सलग २.१६च्या खाली गेला तर चेन्नईला फोन करायचा. मी त्यांच्या वहीत तिथे लाल पेनाने रेघ ओढून ठेवली आहे. ही रेघ मी ओलांडू देणार नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज हसून हसून पुरेवाट झाली. आई गेले वर्षभर पपांना द्राक्ष देत नाही. मनुकासुद्धा नाही. खिरीत पडल्याच तर वेचून काढते. का, तर चेन्नईहून आलेल्या इंग्रजी यादीत ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ असे लिहिले आहे, आणि शेजारच्या कुणीतरी तिला ग्रेप म्हणजे द्राक्ष असे सांगितले.

“आई, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षां न्हय गो. तें वेगळेंच फळ.”

“शें! आनी हांव सगळें वर्स मनुको वेचतां. कसलें दिसता तें?”

“परदेशी आसता. आमच्याकडेन मेळना. तुका कळचें ना, सोड.”

उगाच घोटाळा नको म्हणून फ्रिजवरच्या यादीतली ती ओळ मी पेनाने काटून टाकली. संध्याकाळी पपांना शिऱ्यात मूठभर मनुका मिळाल्या. असे खूश झाले, जसे काही मीच त्यांना नवीन फुप्फुस दिले.

मंगळवार, १२ ऑगस्ट

पेडण्यातले पार्से. प्रभावतीबाईंच्या घरी पहिला नमुना. पन्नाशीच्या आहेत, काजूच्या कारखान्यात जातात, दमा वीस वर्षांचा. मिठाच्या पाण्याची वाफ ओढायची आणि खोकून बेडका डबीत द्यायचा. लोक लाजतात. या बाई लाजल्या नाहीत; डबी हातात घेऊन “इतको पुरो?” असे मला बाजारात विचारल्यासारखे विचारले.

मग प्रश्नावली. “घरात पाळीव प्राणी आहे का?”

“ना गो बाय.”

आणि त्यांच्या मांडीवर एक पिवळे मांजर जांभई देत होते. मी मांजराकडे बघितले, त्यांनी माझ्याकडे बघितले.

“हें? हें आमी पाळूंक ना. तें आपलें येता आनी वता. न्हिदता मात हांगाच.”

परतताना स्कूटरवर हसत होते. पेटीत बर्फावर नमुना, डोक्यात मांजर. कमलाक्षी मॅडमना सांगितले तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आजवर साठ लोकांनी या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलंय. त्यातली किती मांजरं खोटी आहेत ते आता कसं शोधणार? प्रश्न त्यांच्या शब्दांत विचारायला हवा होता.” त्यांचे खरे आहे. उद्यापासून मी ‘घरात मांजर-कुत्रे येते का, कुठे झोपते’ असे विचारणार. आपण किती मूर्ख प्रश्न विचारतो हे दुसऱ्याच्या घरात गेल्यावर कळते.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या चवथ. गेल्या वर्षीची चवथ चेन्नईच्या खोलीत गेली. आईने भिंतीवर कॅलेंडरातला गणपती चिकटवला होता म्हणे. यंदा घरात पाच दिवसांचा गणपती आहे, आणि देवावर टांगायची फळापाल्याची माटोळी पपांच्या देखरेखीखाली बांधली गेली. म्हणजे ते तोंडाला मास्क लावून लांब खुर्चीत बसले आणि चुलतभाऊ निहारला शिडीवर नाचवला. “सुपारीची शिपटी मदीं! नाल्लाची पेंड त्या कुशीक! चिबूड फुडें हाड!” मातीला आणि रानातल्या पाल्याला हात लावायची त्यांना बंदी आहे, तोंडाला नाही.

देवावरचे आमचे छप्पर यंदा नुसते फळांनी वाकले आहे. घरामागच्या सुपारीच्या कुळागरातले तोरंजाचे झाड असे काही धरले आहे की माटोळीला सहा लावून पुन्हा टोपलीभर उरली. पपांना तोरंज मीठ-मिरपूड लावून लागते. आईने आधी यादी कुणाकडून तरी वाचून घेतली. कच्चे फळ द्यायचे तर जाड सालीचे द्या, घरी सोला, असे त्यात आहे. “हाचे परस जाड साल खंयच्या फळाक आसा?” असे म्हणून तिने गेल्या आठवड्यापासून त्यांना रोज अर्धे तोरंज द्यायला सुरुवात केली आहे. आज तर मीच सोलून दिले. पांढरी साल काढताना हात कडू होतात, पण पपा ज्या चवीने खातात ते बघायला बरे वाटते.

२.४१. आजवरचा सर्वांत मोठा आकडा.

बुधवार, ३ सप्टेंबर

रक्ताची तपासणी आली. टॅक्रोची पातळी आठ-दहाच्या मध्ये हवी, ती १८! हात थरथरतात म्हणून पपा दोन दिवस चहा बशीतून पीत होते, त्याचे कारण हेच. एवढ्या पातळीने मूत्रपिंडे खराब होतात.

चेन्नईच्या डॉक्टरांशी मीच बोलले. नवीन औषध? नाही. बुरशीवरचे काही? नाही. आयुर्वेदिक काढा? आमच्या घरात तो आणायची कुणाची हिंमत नाही. ग्रेपफ्रूट? मी म्हटले, डॉक्टर, ग्रेपफ्रूट आमच्याकडे मिळतच नाही. ते म्हणाले, कधी कधी कारण सापडत नाही, डोस कमी करू. तीन मिलिग्रॅमऐवजी आता पावणेदोन.

बोलणे नीट झाले. डॉक्टर शेवटी म्हणाले की तुमच्यासारखी माहितगार मुलगी प्रत्येक रुग्णाच्या घरी असायला हवी. खोटे कशाला लिहू, दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते.

बुधवार, १० सप्टेंबर

पातळी ९.८. डोस बरोबर बसला. आता महिन्याने तपासायचे. थरथर गेली.

सोमवार, २२ सप्टेंबर

तुये औद्योगिक वसाहतीत दिवसभर होते. एकाच कारखान्यात सात दमेकरी मिळाले, सातही जणांनी नमुने दिले. आमचे नमुने आता एकशे बारा झाले. पेशी मोजायच्या यंत्रासमोर बसले की मला तहानभूक राहत नाही. पडद्यावर ठिपक्यांचे ढग येतात आणि त्यातल्या एका कोपऱ्यात ते हट्टी राखणदार. ज्यांना गेल्या महिन्यात त्रास झाला त्यांच्यात ते जास्त दिसताहेत. अजून सिद्ध काही नाही, पण मला दिसते आहे.

घरी आले तर आई-पपांचे भांडण. पपांना हल्ली हाक मारायचा आळस आला आहे. आई स्वयंपाकघरात असली की खुर्चीतून टाळी वाजवतात. आई चिडली, “हांव कितें कोंबी? नांवान उलो मारूंक जायना?” पपांनी उत्तर म्हणून पुन्हा टाळी वाजवली. हसून माझे पोट दुखले.

२.३३. झाडावरची तोरंजे संपली, गेल्या आठवड्यात शेवटचे खाल्ले. आता चिकूवर भागवतात.

बुधवार, १ ऑक्टोबर

२.२०. रेघेच्या वर आहे. पाऊस अजून हटत नाही, घर ओले आहे, पपांना थोडी सर्दी. फोन करण्यासारखे काही नाही असे मी ठरवले. आई म्हणाली, “तरी एक फोन कर.” मी तिला लाल रेघ दाखवली.

पण एक गोष्ट इथे लिहून ठेवायला हवी, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. आकडा खाली येताना बघून मला भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग उत्सुकताही वाटली. या क्षणी त्यांच्या फुप्फुसात त्या पेशी वाढत असतील का? आत्ता नमुना मिळाला तर आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल. स्वतःच्या बापाकडे मी अशी बघत होते. लाज वाटली आणि उठून त्यांचे पाय चेपले. ते म्हणाले, “आयज कितें जालें तुका?”

शनिवार, ४ ऑक्टोबर

२.०९. फुंकताना मध्ये खोकला आला म्हणून पुन्हा फुंकायला लावले. २.०८.

रविवार, ५ ऑक्टोबर

२.०४. फोन केला. रक्त उद्याच द्या म्हणाले.

टाळीचे कारण आज कळले. त्यांना आईचे पूर्ण नाव, चंद्रावती, एका श्वासात घेता येत नाही. बहुतेक पंधरा दिवसांपासून. आणि मी हसत होते.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पातळी ३.९. निम्म्यालाही कमी. उद्या सकाळी मोपाहून विमान. मॅडमनी रजा विचारायच्या आधीच दिली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर, चेन्नई

घशातून नळी घालून फुप्फुसाचा बारीक तुकडा काढला, मिठाच्या पाण्याने धुऊन ते पाणीही घेतले. निदान: शरीर फुप्फुस नाकारते आहे. आज १.८२. आजपासून तीन दिवस शिरेतून मोठी स्टिरॉइडे. डॉक्टर म्हणाले, लवकर धरले असले तर बरेचसे परत येते, सगळे येईलच असे नाही. लवकर. मी एक तारखेचे पान आठवत होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. पातळी एकदम अशी का पडली? गोळ्या चुकल्या का? अगदी सौम्यपणे विचारले, पण पपांना ते भयंकर लागले. नाकात ऑक्सिजनची नळी असताना उठून बसले.

“अठ्ठावीस वर्सां... खाणीर... शिफ्ट चुकूंक ना. गोळी... चुकतली?”

मी भाषांतर केले. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला उलटे वाचता आले: ‘गोळ्या नियमित? शंका.’ त्या तीन शब्दांनी फार फरक पडतो. पुढे कधी पुन्हा फुप्फुसे बदलायची वेळ आलीच, तर गोळ्या चुकवणारा रुग्ण यादीत मागे पडतो.

मी ठरवले आहे की कारण मी शोधणार. विषाणूचा संसर्ग असेल, पेशींचे काहीतरी असेल. मॅडमना धुतलेल्या पाण्याचे निकाल लवकर मागवायला सांगितले आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कारण सापडले. मी शोधले नाही.

दुपारी आहारतज्ज्ञ मुलगी आली. तिला मराठी-कोकणी येत नाही, आईला तमिळ-इंग्रजी येत नाही, म्हणून तिने चित्रांचा तक्ता उलगडला. मी खिडकीशी माझा आलेख घेऊन बसले होते. पपांच्या आकड्यांशेजारी मी वातावरणातला दमटपणा लावून बघत होते. आईचे बोट एका चित्रावर थांबले. अर्धे कापलेले फळ, जाड पांढरी साल, आत गुलाबी फोडी.

“बाय, हें कितें?”

“ग्रेपफ्रूट,” ती मुलगी म्हणाली.

“हें तोरंज न्हय?” आईने मला विचारले.

मी वर न बघता म्हटले, “न्हय गो, तोरंज वेगळें.”

त्या मुलीला आमचे काय चालले आहे ते कळले असावे. तिने पान उलटले. दुसऱ्या चित्रात पूर्ण फळ होते, हिरवट पिवळे, डोक्यापेक्षा थोडेच लहान. “पंबळिमास? दिस आल्सो नो.” ते आमच्या कुळागरातले होते. देठासकट.

आई पलंगाच्या कडेवर बसली.

तोरंज म्हणजे पपनस. ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच लेकरू, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेले. हे शोधायला मला फोनवर अर्धे मिनिट लागले. या फळांतले काहीतरी आतड्यात औषध मोडणाऱ्या यंत्रणेला गप्प करते. मग औषध मोडत नाही आणि रक्तात चढत जाते. चवथीला पातळी अठरा झाली ती तोरंजाने. आम्ही गोळी कमी केली. तोरंजे संपली, यंत्रणा जागी झाली आणि ती उरलेली अर्धीमुर्धी गोळीही मोडू लागली. मग राखणदारांना अडवायला कुणी उरले नाही.

मी सहा वर्षे हे शिकले आहे. ग्रेपफ्रूट आणि टॅक्रो हे मला परीक्षेला होते. पण माझ्या डोक्यातले ग्रेपफ्रूट दुकानात प्लॅस्टिकच्या जाळीत बसलेले होते, आणि तोरंज देवाच्या डोक्यावर टांगलेले. दोघांची गाठ मी कधी घालूनच दिली नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

आई सकाळीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. मला भाषांतराला घेऊन गेली. उभ्या उभ्याच बोलली.

“ताणीं गोळी चुकयल्ली ना. म्हज्या हातान जालें. हांवें ताका रोज तोरंज दिलें. तें बरोवन घेयात, आनी ताचें तें शंका म्हूण बरयलां तें काडात.”

मी इंग्रजीत सांगितले, ती म्हणते तिच्या हातून झाले. तिने रोज ते फळ दिले. शब्दाला शब्द. डॉक्टरांनी लिहून घेतले, आधीची ओळ खोडली, तिला खुर्ची दिली आणि हे आणखी कुणाच्याही घरात घडले असते असे म्हणाले. मी तेही शब्दाला शब्द आईला सांगितले. स्वतःचा एकही शब्द घातला नाही.

यादीवरची काटलेली ओळ फ्रिजवरच आहे. कारापूरच्या बंद घरात. कुणी बघणार नाही.

१.८४.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सांगितले. आधी आईला, इस्पितळाच्या उपाहारगृहात. म्हटले, आई, तू विचारले होतेस ते फळ कसे दिसते म्हणून. मी सांगितले असते तर तू त्याच दिवशी ओळखले असतेस. ओळ मी काटली. डॉक्टरांनी फोनवर विचारले तेव्हाही मीच नाही म्हटले.

मला वाटले होते ती म्हणेल, जाऊ दे बाय. तिने इडली बाजूला सारली.

“माका याद आसा. तूं कितें म्हणिल्लें तें सगळें याद आसा. तुका इतली शिकयली ती माका ‘तुका कळचें ना’ म्हणूंक?”

मग रडली. लोक बघत होते. मीही रडले. मी विचारले, मग परवा डॉक्टरांना तू सगळे स्वतःवर का घेतलेस? ती म्हणाली की खायला तिनेच दिले होते, आणि माझे मी सांगते की नाही ते तिला बघायचे होते. “दोन दीस लागले तुका,” असे म्हणून तिने डोळे पुसले आणि इडली पुन्हा ओढून घेतली. थंड इडली टाकायची तिची रीत नाही.

मग मी डॉक्टरांकडे गेले आणि सप्टेंबरच्या फोनसकट सगळे लिहून दिले, खाली सही केली. कमलाक्षी मॅडमना फोन केला. मला वाटले काढून टाकतील. त्या म्हणाल्या, “लिहिलंस ते मलाही पाठव. आणि चेन्नईच्या यादीवर गोव्यातून किती घरं चालतात ते विचार.”

विचारले. अकरा घरे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आई आणि मी कालपासून यादी घेऊन बसलो आहोत. मी एकेक नाव वाचते आणि फोनवर चित्र दाखवते, आई त्याला आमचे नाव सांगते. नाव सुचले नाही तर ती कारापूरला जाऊबाईला, म्हणजे सुमनकाकीला, फोन लावते, आणि काकी शेजारणीला विचारते. एकेचाळीस नावे आहेत. पपा पलंगावरून ऐकतात आणि मधूनच दुरुस्ती करतात. स्टार फ्रूट म्हणजे करमल, हे मला माहीत होते. पण करमलाचे लोणचे हेही फळच, हे माझ्या लक्षात आले नसते. ते आईने विचारले. त्या आहारतज्ज्ञ मुलीने डोळे मोठे केले आणि लोणचेही यादीत घातले.

१.९१. पातळी ८.२. राखणदारांना पुन्हा गप्प बसवायला औषधाला वेळ लागतो, पण बसताहेत.

शनिवार, १ नोव्हेंबर

दिवाळी इथेच झाली. २.०६.

आज नवी यादी छापून झाली. मराठीत, आमच्या नावांनी, चित्रांसकट. अकराही घरांना फोन मी स्वतः केले. पेडण्याच्या एका घरात तोरंज बेसिनखाली टोपलीत ठेवलेले होते. त्या बाईंनी माझ्याशी बोलता बोलताच ते नेऊन बाहेर टाकले. आदळल्याचा आवाज आला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

उद्या पपांना तपासणीची नळी पुन्हा घालायची आहे. आकडा आठवडाभर २.१८ वर थांबला आहे. डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितले की बहुतेक इथेच राहील, २.४० परत येणार नाही. मी विचारले, मी एक तारखेला फोन केला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मला बरे वाटावे म्हणून म्हणाले असतील, किंवा खरेच सांगता येत नसेल. हा आकडा मला जन्मभर पुरेल.

संध्याकाळी प्रयोगशाळेचा संमतीचा कागद आला. उद्याच्या नळीतून उपचारासाठी लागते त्याहून थोडे जास्त पाणी घ्यायचे, निव्वळ संशोधनासाठी. हा कागद मराठीत मीच केलेला आहे. दम्याच्या नमुन्यांसाठी याच ओळी मी शंभरांहून जास्त लोकांना हसतमुखाने वाचून दाखवल्या आहेत. इथली मुलगी म्हणाली, तुम्हीच वाचून दाखवा ना.

वाचला. ‘यात तुमचा स्वतःचा काही फायदा नाही. नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.’ ही ओळ मी पुन्हा एकदा वाचली. त्यांनी नाही म्हणावे असे मला वाटत होते. त्या छातीत आता कुणीही एक चमचाभरसुद्धा जास्त पाणी घालू नये असे वाटत होते. एवढ्या लोकांपुढे ही ओळ वाचताना शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलींना काय वाटत असेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

पपांनी कागद हातात घेतला.

“बाय, एक सांग. त्या पेशींक केन्ना तरी कळटलें काय, हें फुप्फुस म्हजें म्हूण?”

त्यांना काय ऐकायचे आहे ते मला कळत होते. पण या वेळी मी उत्तर नीट दिले. “ना, पपा. केन्नाच कळचें ना. त्यो विसरनात. म्हणून गोळी जल्मभर.”

त्यांनी थोडा विचार केला. एक पूर्ण श्वास घेतला. खांदे न उचलता, पंधरवड्यापूर्वी जमत नव्हता तसा.

“नाकळूं तांकां. माका कळ्ळां, पुरो.”

सही केली. मोठी, पल्लेदार, खाणीच्या हजेरीपुस्तकात करत असत तशी. मग माझ्याकडे पेन देऊन आईला हाक मारली. “चंद्रावती! आठ जाले मगो?” आई गोळी घेऊन आली.

२.१८.